पाच नंबरची थाप

म्हादू, साहेबांनी मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. उद्या दुपारी चार वाजता बंबखान्याच्या आवारात तुझी शोकसभा आहे. तुझा फोटो मोठा करून आणलाय. त्यात तू इतका ताठ बसलायस की ओळखूच येत नाहीस. साहेब म्हणाले, "दत्ता, तू त्याच्या जवळचा. गाव कुठलं, भरती कधी झाला, किती आगींवर गेला, असं लिही जरा. शेवटी दोन चांगले शब्द." मी हो म्हणालो. साहेबांना मी नेहमीच हो म्हणतो, तुला माहीत आहे.

तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. तुझ्या गावाचं नाव लिहिलं आणि अडलो. लिहायला हात उचलला की नजर तळहातावर जाते. उजव्या तळहातावर. जेवताना जाते, दाढी करताना जाते. कुंदाने दोनदा विचारलं, "हाताला काय झालंय हो?" बायको आहे, तिला वास येतोच. मी म्हणालो, काही नाही, घाम येतो. घाम येतो हे काही खोटं नाही. काल तुझं तेरावं झालं, आणि तू गेल्यापासूनचा एकही दिवस मी न घाबरता काढलेला नाही.

तसा मी मुळातच भित्रा, आणि हे जगात एकट्या तुला ठाऊक होतं. भरती होऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा. बापाची गिरणी बंद पडलेली, मला महापालिकेची नोकरी लागली म्हणून आईने चाळीत पेढे वाटलेले. तिला वाटत होतं मी नुसता लाल गाडीवर उभा राहून घंटा वाजवत फिरणार. आणि कुर्ल्याच्या त्या कापडाच्या गोदामाला शिडी लावली तेव्हा मी अर्ध्यावर जाऊन थांबलो. पाय वर जाईना, खाली येईना. खाली शंभर माणसं बघत होती. तू मागून चढून आलास. तुझी छाती माझ्या पाठीला टेकली.

"भियातंस?" तू कानाशी विचारलंस.

मी मान हलवली.

"बरा झाला. जो भियत नाय तेच्याबरोबर मी आत जाणंय नाय. चल आता. एक पायरी तू, एक पायरी मी."

असे आपण वर गेलो. नंतर साहेबांनी हटकलं तर तू चेहरा न हलवता म्हणालास, "शिडी हलत होती साहेब, मीच त्याला थांबवला." माझ्यासाठी तू खोटं बोललास आणि ते खोटं कुणालाच लागलं नाही. तुझी खोटी बोलणी अशीच असायची. माझ्या खोट्यांचं पुढे काय होतं ते सांगायलाच हे लिहितोय.

आपल्या दलाचा इतिहास तुला साहेबांपेक्षा जास्त पाठ. दुपारच्या चहाला फोनच्या खोलीत बसून तू सुरू व्हायचास. आधी आगीचं काम पोलिसांकडे होतं, मग घोड्यांचे बंब आले, मग मोटारी आल्या, मग शहर वाढत वाढत इकडे आलं आणि त्याच्या मागून बंबखाने आले. नव्या पोरांना तू आपली हद्द शिकवायचास: घाटकोपरच्या डोंगरापासून कांजूरमार्गच्या खाडीपर्यंत, वर झोपड्या, खाली कारखाने, आणि मध्ये आपण सहा जण नि एक बंब. पण तुझी आवडती गोष्ट घोड्यांची. "घंटा झाली की घोडे आपसूक येऊन गाडीफुडे उभे रवत. कोणी ओढूक नको, कोणी सांगूक नको. दत्त्या, तसो होऊक व्हयो माणूस."

मी चिडायचो. म्हणायचो, "घोड्याला काय कळतं रे आग कुठे आहे? तो सवयीने येतो. माणसाने डोकं वापरावं." तू म्हणायचास, आगीत डोकं मागे पडतं, हातच पुढे असतो, म्हणून हाताला शिकवून ठेवायचं. हा वाद आपण किती वर्षं घातला! दर वेळी फोन वाजायचा आणि वाद तिथेच राहायचा. म्हादू, वाद तू हरलास रे. आणि तू हरलास म्हणून मला जन्मभर झोप येणार नाही.

आता गणतीबद्दल लिहायलाच हवं. उद्या सभेला बाहेरची माणसं असतील, त्यांना कळायला हवं. आपल्या बंबखान्याची गणती कुठल्या पुस्तकात नाही. पंपाचा आवाज इतका मोठा की शेजारचा काय ओरडतो ते ऐकू येत नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी पद्धत पाडली. आगीतून बाहेर आलं की बंबाच्या पत्र्यावर एकेकाने थाप मारायची आणि आपला आकडा ओरडायचा. ड्रायव्हर एक, मग दोन, तीन, मी चार, तू पाच, शेवटचा सहा. साहेब बंबाच्या पलीकडच्या बाजूला वहीत वेळ लिहीत असतात. त्यांना माणसं दिसत नाहीत, थापा ऐकू येतात. सहा थापा झाल्या की सगळे बाहेर.

तू गणतीला कधी वेळेवर नसायचास. रस्त्यावरच्या नळाचा वॉल्व बंद करायला तुझा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. नाहीतर एखादी म्हातारी कपबशी घेऊन उभी असायची आणि तुला नाही म्हणता यायचं नाही. पहिल्यांदा तू जाता जाता सांगितलंस, "दत्त्या, माझी पण मारून ठेव रे, मी वॉल्व बंद करून येतंय." मी मारली. चार म्हणालो, एक पाऊल सरकलो, तुझा घोगरा आवाज काढून पाच म्हणालो. बाकीचे तोंडावर हात ठेवून हसले. पुढे पुढे तू सांगायचासही नाहीस. गणपतीत आपल्या आवारात नकलांचा कार्यक्रम झाला तेव्हा मी तुझी नक्कल करून पाच ओरडलो, तर तूच सगळ्यात जास्त हसलास. "झकास! माझ्यापेक्षा तुझोच पाच बरो."

आणि मग तो मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. प्लॅस्टिकच्या सामानाचं गोदाम, वर पत्रा, आत लाकडी पोटमाळा. आग तशी आटोक्यात आलेली. तू आणि मी एका नळीवर होतो, मी पुढे, तू मागे. पोटमाळा करकरला. तेवढ्यात साहेबांच्या तीन लांब शिट्ट्या. तीन लांब म्हणजे हातातलं टाका आणि बाहेर या. मी नळी टाकली आणि वळलो. तुझ्या अंगावरून गेलो मी, तुझा खांदा मला लागला. तू म्हणालास, "हो फुडे, मी येतंय." मी मागे वळून पाहिलं नाही.

तुझा पाय तारांच्या वेटोळ्यात अडकला होता हे नंतर कळलं. तेव्हा अडकलेला होता की मागाहून अडकला, ते कुणालाच माहीत नाही. तू मला थांब म्हणाला नाहीस. का म्हणाला नाहीस? मी थांबणार नाही असं वाटलं तुला?

बाहेर आलो. गणती सुरू झाली. एक. दोन. तीन. मी चार म्हणालो आणि थाप मारली. मग एक पाऊल सरकलो, पाच म्हणालो आणि थाप मारली. तुझ्या आवाजात.

मी स्वतःला सांगत असतो की मला वाटलं तू वॉल्वकडे गेलास. गेले किती दिवस हेच घोकतोय. पण इथे तुझ्यापुढे खोटं कशाला लिहू? मला काहीच वाटलं नाही. भीतीने डोकं बंद पडलेलं, आणि हात आपला आपण गेला. तुझा तो घोडा, म्हादू. कोणी सांगितलं नाही, कोणी ओढलं नाही, येऊन उभा राहिला.

सहाची थाप पडली. साहेब पलीकडून ओरडले, "सगळे बाहेर! आता बाहेरूनच मारा पाणी." पोटमाळा कोसळला, काळा लोट आला, आणि आम्ही दारातून पाणी मारत राहिलो. मीही मारत होतो. पंधरा मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. मग ड्रायव्हर काकांनी विचारलं, "वॉल्व बारीक करायचाय, म्हादू कुठाय?" मी कोपऱ्यावर धावलो. नळाजवळ तुझी वॉल्वची लोखंडी चावी पडली होती, येताना तूच ठेवलेली. तिथे माणूस नव्हता. त्या चावीकडे बघताना माझ्या अंगातून जे गेलं त्याला भीती म्हणायची तर त्याआधी मी कधी भ्यालोच नव्हतो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण सगळे वळले.

तुला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता; हॉस्पिटलात तू तीन दिवस काढलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी तुझ्या खाटेशी होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती वरखाली. तू डोळे उघडलेस. आधी वहिनीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मग उजवा हात हळूहळू उचललास आणि खाटेच्या लोखंडी कडेवर थाप मारलीस. थोडं थांबलास. पुन्हा मारलीस. नजर माझ्यावरून काढली नाहीस.

मी तेव्हाच खचलो. तू काय सांगत होतास? तू ती थाप आतून ऐकली होतीस का? पंपाच्या आवाजातून, धुरातून, माझ्या तोंडून तुझाच आकडा? की बाबा, आता मी आलो बाहेर, आता मोज, असं म्हणत होतास? की मला माफ करत होतास? मी हजार वेळा तो हात डोळ्यांपुढे आणतो आणि हजार वेळा मला वेगळं काही वाटतं. माफी वाटते तेव्हाही भीती कमी होत नाही.

वहिनी घाबरून म्हणाली, "काय मागतायत हो भावजी? काय हवंय त्यांना?"

आणि मी म्हणालो, "पाणी."

दुसरं काही सुचलं नाही रे. वहिनी नर्सकडे धावली. नर्स म्हणाली, तोंडाने काही द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनीने हात जोडले, एक चमचा तरी म्हणाली. नाही म्हणजे नाही. ती परत येऊन तुझे ओठ बघत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती एकच गोष्ट सांगते. "पाणी मागत मागत गेले हो. मी जवळ होते आणि मी दिलं नाही." तुझ्या फोटोपुढे तिने पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय. रोज सकाळी ताजं पाणी भरते. आणि स्वतः पाणी पीत नाही. परवा कुंदाने मला सांगितलं. सकाळी दोन घोट चहा, गोळी गिळण्यापुरतं पाणी, बस्स. ओठ फुटलेत तिचे. कुंदा म्हणाली, "तुम्ही तरी समजवा, तुमचं ऐकतील." मी समजवायचं! मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो, इतका मी भित्रा आहे. पण साहेबांनी अहवाल लिहिलाय. काल मला वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, गणतीच्या वेळी पाच नंबर हजर होता, त्यानंतर तो परवानगीशिवाय पुन्हा आत गेला असावा. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाच ऐकला होता, त्यांनी ते लिहिलं. वाचून झाल्यावर चष्मा काढून ते म्हणाले, "दत्ता, मी पाच ऐकला होता ना रे? की माझेच कान गेलेत?" मी म्हणालो, "ऐकला असेल साहेब."

बघ, तीन खोटी झाली. पत्र्यावरचं एक, खाटेजवळचं एक, हे एक.

बाकीच्यांना माहीत आहे. असणारच, ते माझ्या बाजूलाच उभे होते. तू गेल्यावर चौथ्या दिवशी डोंगरावर झोपडी पेटली. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही, आम्ही पाच जण गेलो. आग विझली, गणती झाली. मी चार म्हणालो. मग काहीच नाही. सहा नंबरवाला पोरगा थांबून राहिला, साहेब पलीकडे थांबले, पंप चालू. माझा हात वर गेलेला, म्हादू. पत्र्यापासून वीतभर. मी तो काखेत दाबून धरला. सगळ्यांनी खाली बघितलं. परत येताना ड्रायव्हर काका हळूच म्हणाले, "झालं ते झालं, दत्ता. गप राहा. तू तोंड उघडलंस तर आपल्या सगळ्यांची वाट लागेल. हसायला सगळेच होतो." मग म्हणाले, "म्हादूला आता काय फरक पडतो?"

खरंच, तुला काय फरक पडतो? तू बेशिस्त होतास, सांगितलेलं ऐकलं नाहीस आणि मेलास, असं कागदावर राहिलं तर? तुझ्या मुलाने उद्या तो कागद वाचला तर? माझ्यासाठी शिडी हलवलीस तू. आणि मी तुझ्याबद्दल हे असं राहू देतोय.

इथवर लिहून मी उठलो. दुपारचे तीन वाजले होते. लिहिलेले कागद शर्टाच्या खिशात घातले आणि तुमच्या खोलीकडे निघालो. आपल्याच इमारतीचे तीन जिने, रोजचे. दुसऱ्या जिन्यावर पाय थांबले. अगदी कुर्ल्याच्या शिडीवर थांबले तसेच. मी कठडा धरून उभा राहिलो. मागे कुणी नव्हतं. तरी मी वेड्यासारखा पाठीमागे जागा ठेवून, कडेकडेने वर गेलो, एकेक पायरी.

वहिनी तांदूळ निवडत बसली होती. फोटोपुढे तांब्या होता. मला बसा म्हणाली. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. थाप सांगितली, तुझा आवाज काढला ते सांगितलं, पाणी मारत होतो ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "वहिनी, हॉस्पिटलात तो पाणी मागत नव्हता. ती गणतीची थाप होती. मला मारून दाखवत होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

सुपातल्या तांदळावर तिची बोटं तशीच राहिली. मला वाटलं आता ओरडेल, सूप फेकेल, आणि मला ते हवं होतं. खालून पोरांच्या क्रिकेटचा आवाज येत होता. तिने मान वर केली.

"म्हणजे तहान नव्हती ना त्यांना?"

मी म्हणालो, "नव्हती, वहिनी."

"नक्की?"

"हात उचलला तेव्हा माझ्याकडे बघत होता. ओठ हलवलेही नाहीत त्याने."

तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती, मी उगाच तसं लिहिणार नाही. म्हणाली, "उद्या हे सगळ्यांसमोर सांगा. साहेबांसमोर सांगा. मला एकटीला सांगून सुटायचं नाही तुम्ही." मी हो म्हणालो. यावेळी हो म्हणताना मला कळत होतं मी कशाला हो म्हणतोय.

उद्याचं मला काही माहीत नाही. साहेब काय करतील, नोकरी राहील का, ड्रायव्हर काका पुन्हा माझ्याशी बोलतील का, तुझा मुलगा माझ्याकडे कसा बघेल. पण मी हे सगळं जसंच्या तसं वाचणार आहे. भियातंस, असं तू विचारशील. हो रे, फार.

एक सांगायचं राहिलं. मी दारातून निघत होतो तेव्हा वहिनी उठली. तुझ्या फोटोपुढचा तांब्या तिने दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं पाणी बदलायला नेतेय. तिने तो तोंडाला लावला आणि उभ्याउभ्या प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, पदर भिजत होता, तरी थांबली नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत मी दारात उभा होतो, म्हादू, आणि मग खाली आलो.